ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायला लावता, तर तो शिकवाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीला गेली. खरेदीच्या यादीत सगळ्यात वर होतं: ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा, शाळेने सुचवलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. किंमत पंधरा हजारांच्या घरात. "कॅल्क्युलेटरला पंधरा हजार?" असं माझ्या मुलाने दोनदा विचारलं. त्याचं अख्खं इंजिनीअरिंग एका सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर निघालं होतं, आणि तोही त्याने सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतला होता.

मी स्वतः नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बत्तीस वर्षं गणित शिकवलं. लॉग टेबलची पानं उलटून उलटून बोटं काळी केलेल्या पिढीतली मी, त्यामुळे आधी माझंही कपाळ आठ्यांनी भरलं. पण चौकशी केल्यावर कळलं की हा शाळेचा लहरीपणा नाही. आयबीच्या गणितात दोन वाटा आहेत. ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस घेतलं तर पहिली प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायची आणि दुसरीला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन घेतलं तर सगळ्याच प्रश्नपत्रिकांना लागतो. म्हणजे यंत्र हवंच. पण ते कोरं करकरीत, विकत आणि एकाच दुकानातून घ्यायला हवं, हे कुठल्या नियमात बसतं?

माझी भाची न्यू जर्सीत हायस्कूलला होती. तिकडे ही यंत्रं शाळकरी मुलांच्या दप्तरात सर्रास असतात. तिचा टीआय-८४ प्लस (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर) कपाटात पडून होता, तो दिवाळीत येताना ती घेऊन आली. हे मॉडेल २००४ सालचं. काळा-पांढरा पडदा, मागे चार बारीक सेल, झाकणावर भाचीने चिकटवलेलं अर्धवट सोललेलं बदकाचं स्टिकर. सेल बदलले आणि यंत्र सुरू झालं. शाळा आधी कां-कूं करत होती. सगळ्यांकडे एकच मॉडेल असलं की शिकवणं सोपं जातं, असं म्हणणं पडलं. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण परवानगी असलेल्या मॉडेलांच्या यादीत हे बसतं, हे आम्ही दाखवल्यावर शाळेने हरकत मागे घेतली. ज्यांना नवाच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना: टीआय-एनस्पायर सीएक्स टू आणि त्याच नावापुढे 'सीएएस' अक्षरं असलेलं मॉडेल दिसायला जुळी भावंडं आहेत. सीएएसवालं यंत्र बीजगणितही परस्पर सोडवून देतं, म्हणून आयबीच्या परीक्षेला ते चालत नाही. तीन अक्षरांच्या चुकीपायी पैसे पाण्यात जायचे.

आता शिकवण्याबद्दल. एकसारखं मॉडेल हवं म्हणणाऱ्या शाळेने यंत्राची ओळख किती तासांत करून दिली? एका. बाकी माहितीपुस्तिका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे. पहिल्याच आठवड्यात नातीचा रडवेला फोन आला, "आजी, साइन ३० उणे ०.९८८ येतंय." यंत्र रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) होतं, ती अंशांत विचार करत होती. मग सिंटॅक्स एरर. या यंत्रावर वजाबाकीचं बटण वेगळं आणि ऋण संख्येचं वेगळं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण वहीत दोन्हींसाठी एकच आडवी रेघ मारतो, त्यामुळे पोरीला फरक सुचणार तरी कसा? मी मात्र मनातून खूश झाले. वर्षानुवर्षं मी फळ्यावर घसा कोरडा करून सांगत आले की ऋण चिन्ह आणि वजाबाकीची क्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं मान डोलवायची आणि विसरायची. यंत्राने एका एररमध्ये काम केलं.

खरी मजा डिसेंबरच्या सुट्टीत आली. नात साइनचे आलेख काढत बसली होती. यंत्र रेडियनवर, झूम मेनूमधला ट्रिगचा, म्हणजे त्रिकोणमितीच्या आलेखांसाठीचा पर्याय निवडलेला. साइन एक्स, साइन दोन एक्स, साइन तीन एक्स असं एकेक वाढवत चालली होती. लाटा दाटत गेल्या, वीसच्या आसपास चित्र विचित्र दिसायला लागलं आणि २४ ला पडदा रिकामा! नुसते दोन अक्ष. "आजी, बिघडला गं तुझ्या भाचीचा कॅल्सी."

बिघडला नव्हता. त्या पडद्यावर आलेखाला ९५ उभे रकाने असतात, आणि यंत्र प्रत्येक रकान्यासाठी फक्त एकदाच किंमत काढतं. ट्रिगच्या त्या मांडणीत दोन रकान्यांमधलं अंतर असतं पाय (π) भागिले २४. त्याला २४ ने गुणलं की बरोबर पाय, आणि पायच्या कुठल्याही पटीचा साइन शून्य. तेवढ्या पडद्यात साइन २४ एक्सच्या ४७ लाटा आहेत, पण यंत्राची नजर ९५ वेळा पडते आणि प्रत्येक वेळी लाट नेमकी अक्षावर सापडते. हे सगळं आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर करून पाहिलं. मग मी म्हटलं, आता ४९ घालून बघ. पडद्यावर उमटली संथ, शहाणी लाट, हुबेहूब साइन एक्ससारखी. नातीने ती दोनदा पुसून पुन्हा काढली. नंतर ४७ ला काय दिसेल, हे तिने यंत्राला हात लावायच्या आधी कागदावर सांगितलं: तीच लाट, पण उलटी. बरोबर निघालं.

कॅल्क्युलेटरने मुलांचं डोकं बधिर होतं, असं शिक्षकांच्या खोलीत आम्ही चहाबरोबर किती वेळा म्हटलं असेल! मीही म्हटलंय. पण त्या दुपारी नातीने जेवढी त्रिकोणमिती केली, तेवढी माझ्या वर्गात कुणी आपणहून केल्याचं मला आठवत नाही. अट एवढीच की शेजारी विचारणारं कुणीतरी बसलेलं हवं. शाळेने त्यासाठी वर्षातून दहा तास ठेवले तर पुरे.

आणि हिशेबाचं म्हणाल तर पंचवीस मुलांची तुकडी धरली तरी पालकांचे दरवर्षी पावणेचार लाख जातात, आणि दोन वर्षांनी प्रत्येक यंत्र ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. शाळेने दोन तुकड्यांपुरती पन्नास यंत्रं एकदाच घेऊन ठेवावीत, वाचनालयाच्या पुस्तकासारखी अनामत घेऊन मुलांना द्यावीत आणि बारावीची परीक्षा झाली की परत घ्यावीत. मॉडेल एकसारखं हवं, ही शाळेची अडचणही त्यात आपोआप सुटते. भाचीच्या बदकवाल्या यंत्राने दाखवून दिलंच आहे की ही चीज टिकाऊ आहे.

जाता जाता आपल्या राज्य मंडळाबद्दलही लिहिते, कारण माझं आयुष्य तिथेच गेलं. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबल वापरायला परवानगी आहे, कॅल्क्युलेटरला नाही, अशी सूचना असते. (पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या प्रश्नपत्रिकांवर तर स्लाइड रूल (आकडेमोडीची सरकती पट्टी) चालेल असंही छापलेलं असायचं. माझ्या मुलाच्या वर्गात स्लाइड रूल कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.) परीक्षेचे नियम बदलायला वेळ लागेल, लागू दे. पण बारावीच्या गणितात प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत आणि जर्नलं बहुतेक मुलं एकमेकांची बघून उतरवतात, हे आपल्यात राहू द्या. त्या तासाला शिक्षकाने मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस ही आलेख काढणारी ॲप्स उघडली तर रुपयाही लागत नाही. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत डेसमॉस आता परीक्षेच्या पडद्यावरच दिलेलं असतं. रेषीय प्रोग्रॅमिंगचं गणित आलेख कागदावर काढताना पट्टी जरा सरकली की सुसाध्य प्रदेशाचा, म्हणजे सगळ्या अटी पाळणाऱ्या भागाचा, कोपरा चुकतो आणि उत्तरही. कागदावर काढून झाल्यावर तेच पडद्यावर ताडून पाहू दिलं तर काय बिघडतं?

नातीची परीक्षा पुढच्या मे महिन्यात आहे. त्यानंतर हा टीआय-८४ प्लस आमच्याकडे नुसता पडून राहणार. नाशिक किंवा पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला हवा असेल तर त्याने आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी विनामूल्य देईन. सेल मात्र ज्याचे त्याने घालावेत, आणि बदकाचं स्टिकर निघत नाही, आम्ही प्रयत्न करून झाला.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, नाशिक