शेवटचं वाक्य झाकून वाचताना

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या स्पर्धेसाठी आलेल्या, नेमक्या १०० शब्दांच्या अलकांचा, म्हणजे अति लघुकथांचा, तू पाठवलेला गठ्ठा दोनदा वाचून झाला. गुण वेगळ्या कागदावर मांडले आहेत, ते सोबत आहेतच. निकालाबरोबर प्रत्येक स्पर्धकाला दोन ओळी लिहून पाठवायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. त्या दोन ओळींत काय असावं, यासाठी हे लांबलचक पत्र.

आधी ती फोनची गोष्ट. माझ्या मते गठ्ठ्यातली सर्वांत चांगली, आणि तरी तिला पहिला क्रमांक देताना हात अडखळतो. तिचा गाभा एवढाच आहे:

"बाबांचा फोन ती दर रविवारी चार्ज करते. आज त्यावर एक मिस्ड कॉल दिसला. भावाचा."

१४ शब्द. बाबा गेले असं कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्यांदा वाचताना वाटतं, म्हाताऱ्या वडिलांचं हवं-नको बघणारी मुलगी असेल. 'भावाचा' या शब्दाशी आलो की मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. रविवारीच का, फोन तिच्याकडे का, भाऊ वडिलांच्या नंबरवर का लावतोय, हे एकेक उलगडत जातं. आपण एकट्याच हे करतो असं तिला वाटत होतं, ते आज खोटं ठरलं. म्हणजे कथेत खरोखर काहीतरी घडलं. पण लेखक तिथे थांबलेला नाही. पुढे आहे: "दोघांनाही बाबांची तितकीच आठवण येत होती. नाती अशी मरत नसतात." या १० शब्दांनी वाचकाच्या हातातलं काम काढून घेतलं. त्याला फक्त एवढंच लिही: 'भावाचा'वर थांबा.

हा दोष गठ्ठ्यात सगळीकडे आहे. लिहिणाऱ्याला भीती वाटते की कळलं नाही तर काय, आणि मग शेवटी तात्पर्य येतं. यावर एक सोपी कसोटी आहे. शेवटचं वाक्य बोटानं झाकायचं आणि कथा वाचायची. झाकल्यावरही कथा पुरी वाटली, तर ते वाक्य फुकट आहे, कापायचं. झाकल्यावर हातात काहीच उरलं नाही, तर ती कथा नाही, कोडं आहे. आणि झाकल्यावर काहीतरी घडतंय हे जाणवलं, पण ते कुठे जाऊन पोचणार हे कळेना, जीव थोडा टांगणीला लागला, तर ते वाक्य आपल्या जागी आहे.

कोड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण धक्क्यावर उभ्या असलेल्या कथाच जास्त आहेत. बोलणारी शेवटी बाहुली निघते. वाट पाहणारी बाई केव्हाच वारलेली असते. 'ती' म्हणजे मांजर असते. पहिल्या वाचनात गंमत येते, दुसऱ्या वाचनात काही उरत नाही. का, तर निवेदकाला जे पहिल्या शब्दापासून ठाऊक आहे ते त्यानं वाचकापासून दडवलेलं असतं. बाहुलीला आपण बाहुली आहोत हे माहीत आहे. ती ९० शब्द ते सांगत नाही, एवढंच घडतं. फोनच्या गोष्टीत अशी लपवाछपवी नाही. मुलीला मिस्ड कॉल दिसतो त्याच क्षणी आपल्यालाही दिसतो. कलाटणी पात्राच्या आयुष्याला बसली पाहिजे, मग वाचकाला ती आपोआप बसते. बाहुलीच्या लेखिकेची भाषा मात्र सुरेख आहे. तिला सुचवून बघ की बाहुली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका आणि पुढे काय घडतं ते लिहा. मुलगी मोठी होते, बाहुलीला अडगळीत टाकते, एवढंसुद्धा चालेल. दडवलेल्या माहितीपेक्षा ते जास्त टिकेल.

धक्का देणाऱ्यांना आपली भाषा एका बाजूनं फार साथ देते आणि दुसऱ्या बाजूनं दगा देते. साथ अशी की मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतात. "तिनं पत्र पूर्ण वाचलं, घडी घातली आणि उत्तर लिहिलं नाही." शेवटच्या शब्दापर्यंत वाक्य तोल धरून असतं, आणि त्यात काही कृत्रिम वाटत नाही. असं असूनही बरेच जण "आणि समोर उभी होती... ती!" असा उलटा क्रम का घेतात कळत नाही. मध्ये तीन टिंबं आणि शेवटी उद्गारचिन्ह आलं की वाचक आधीच सावध होतो आणि धक्का बोथट होतो.

दगा असा की आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई. पात्र कोण हे उघडं ठेवायचं असेल तर कसरत होते, आणि गठ्ठ्यातल्या दोन कथा तिथेच घसरल्या आहेत: सुरुवातीला 'आलो', मध्येच 'बसले'. यातून वाट काढता येते. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं. 'मी दार उघडलं', 'मी दिवा मालवला' यात बोलणारा कोण हे कळत नाही. 'मला जाग आली', 'मला आठवलं' यातही नाही. भविष्यकाळातलं 'मी येईन' तर कुणाच्याही तोंडी बसतं. स्पॅनिशमध्ये आउगुस्तो मोंतेरोसोची १९५९ सालची सात शब्दांची एक प्रसिद्ध कथा आहे, जाग आल्यावर डायनोसॉर अजून तिथेच असल्याची. जागं झालेलं पात्र पुरुष की बाई, हे मूळ क्रियापदावरून समजत नाही. मराठीत 'तो जागा झाला' असं केलं की ती मोकळीक गेली. 'जाग आली तेव्हा' म्हटलं की परत मिळाली. हे स्पर्धकांना जरूर सांग. आडपडद्यासाठी नव्हे, नेमकेपणासाठी उपयोगी पडेल.

आणि ते 'ही' आणि 'च'! ताटांच्या कथेकडे पुन्हा बघ. "आज तिनं दोन ताटं घेतली" हे नुसतं निवेदन आहे. "आजही तिनं दोन ताटं घेतली. एक पुसून परत ठेवलं." एका अक्षरात कितीतरी दिवस मावले. संबोधनांचंही तसंच. 'अहो', 'अगं', 'अरे' यांत नातं, मान आणि जवळीक एका शब्दात येते. 'ती नवऱ्याला म्हणाली' हे तीन शब्द वाचतात. त्या संवादकथेत एकदाही 'म्हणाला', 'म्हणाली' नाही, तरी कोण बोलतंय याचा कुठे गोंधळ होत नाही. तो दवाखान्यातला 'अहो' शेवटी 'अरे' होतो तिथे मी थांबलो. इतकी वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला ती घाबरून एकेरीत हाक मारते, आणि त्या एका हाकेत सगळं आलं. दुसरा क्रमांक तिला द्यावा असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांनी अख्खं आयुष्य मांडलंय त्यांना हिशोब करून दाखव. लग्न, मुलं, मुलांचं दूर जाणं, म्हातारपण असा ४० वर्षांचा पट १०० शब्दांत बसवला की वर्षाला अडीच शब्द येतात. त्यात फक्त यादी होते. त्या ४० वर्षांतली एक संध्याकाळ निवडावी, घरातली एक वस्तू घ्यावी, बाकीचं तिच्या झिजण्यावरून कळू द्यावं. हवेनं सुरुवात करणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू आहे. "त्या दिवशी सकाळपासूनच आभाळ भरून आलं होतं" यात ७ शब्द गेले, १०० मधले ७. पावसावर कथा अवलंबून असेल तर खुशाल. नसेल तर पहिल्या १५-२० शब्दांत कोण, कुठे आणि काय अडलंय हे आलंच पाहिजे. पात्रांना नावं दोनपेक्षा जास्त नकोत. तिसरं नाव आलं की वाचक मागे वळून बघतो.

'विकणे आहे' छापाच्या जाहिरातकथाही बऱ्याच आहेत. न वापरलेले बाळबूट विकायला काढल्याची ती सहा शब्दांची इंग्रजी कथा अमेरिकी लेखक हेमिंग्वेची म्हणून सांगितली जाते, आणि एकानं तर तशी टीपही जोडली आहे. ती त्यानं लिहिल्याचा पुरावा नाही. त्याच कल्पनेचा मजकूर १९१०च्या सुमारास अमेरिकी वर्तमानपत्रांत आलेला आहे, तेव्हा हेमिंग्वे शाळकरी मुलगा होता. टीप काढून टाकायला सांग. जाहिरातीचा घाट वाईट नाही, पण बूट जाऊन पाळणा आला एवढ्यानं नवी कथा होत नाही.

शीर्षकं बहुतेकांनी वाया घालवली आहेत. तुझ्या नियमात शीर्षक शब्दमर्यादेत धरलेलं नाही, म्हणजे ती फुकट मिळालेली जागा आहे. तिथे 'नियती' किंवा 'आईचं प्रेम' असं लिहिलं की कथा सुरू होण्याआधीच अर्थ सांगून झाला. तिथे काळ, जागा किंवा प्रसंग टाकावा: 'निकालानंतर', 'शेवटची गाडी'. कथेतला एक अख्खा वाक्यभर मजकूर वाचतो.

पुढच्या वेळी नियम जरा घट्ट बांध. नेमके १०० शब्द ही अट इंग्रजीतल्या ड्रॅबल या कथाप्रकारावरून आली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळानं १९८०च्या दशकात ती रुळवली. शिस्त म्हणून ती चांगली आहे, पण ८८ शब्दांत संपलेल्या कथेला १२ शब्दांचं ठिगळ लावलेलं मला या गठ्ठ्यात जागोजागी दिसलं. 'खूप खूप', 'अगदी', 'मात्र' यांची गर्दी झाली की समजावं, आकडा भरलाय. '१०० पर्यंत' ठेवलंस तर बरं होईल. शिवाय मोजायचं कसं हेही लिही. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून येतं: 'झाडाखाली', 'त्याच्याबरोबर' हा एक शब्द. काहींनी त्याचा आधार घेऊन 'करूनटाकलं' असं जोडलंय, ते चालवून घेऊ नये. उलट दोन बाजूंना जागा सोडून टाकलेली रेघ काही वर्ड प्रोसेसर शब्द म्हणून मोजतात, त्यात स्पर्धकाचा दोष नाही. आकड्यांत लिहिलेली संख्या एक शब्द, जोडरेषेनं जोडलेली जोडी एक शब्द, असं आधीच ठरवून टाक.

बाकीचे दोघे परीक्षक वाचायला बसतील तेव्हा तिघांना वेगवेगळ्या क्रमानं गठ्ठा दे. मृत्यूच्या चार कथा पाठोपाठ आल्या की पाचवी कितीही चांगली असली तरी शिळी वाटते, आणि ती पाचवी दर वेळी एकाच लेखकाची असू नये. एका बैठकीत २५ पेक्षा जास्त वाचू नयेत. दुसरं वाचन दुसऱ्या दिवशी, शक्यतो मोठ्यानं. अडखळलेलं वाक्य जिभेला लगेच कळतं.

जाता जाता छत्रीच्या कथेचं. तू तिच्यावर लाल खूण केली आहेस, १०३ शब्द म्हणून. मी ती हातानं मोजली. 'आज ही', 'ती ही' आणि 'त्या मुळे' असं तिनं तीन ठिकाणी तोडून लिहिलंय. जोडून लिही, बरोबर १०० भरतात. तिला बाद करू नकोस, विनू. मी तिला तिसरी धरली आहे.

तुझा,
नंदू