आलेखाआधी रकाना तपासायला शिकवा

संपादक महोदय,

संख्याशास्त्राबरोबरच अर्थशास्त्र, कृषी आणि जीवशास्त्राच्या वर्गांतही आता ‘आर’ ही संगणकभाषा शिकवली जाते. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती बेल लॅब्जच्या ‘एस’ भाषेच्या धर्तीवर घडवली. ती मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. प्रॅक्टिकलची सुरुवात मात्र बहुधा भाषेसोबत येणाऱ्या तयार तक्त्यांवर होते. फुलांच्या पाकळ्यांची मापे, मोटारींचे मायलेज! हे तक्ते इतके स्वच्छ असतात की तिथे काही बिघडतच नाही. बिघडते ते मुले तालुक्याचा पाऊस किंवा बाजार समितीची आवक घेऊन बसतात तेव्हा. लाल अक्षरांत चूक दाखवणाऱ्या संदेशाला मुले घाबरतात, पण तो बिचारा निदान सांगतो तरी. ‘आर’ जिथे निमूटपणे चुकीचे उत्तर देते, तिथे खरा घात होतो.

आपली लाखाची पद्धतच घ्या. एक्सेलमध्ये १,२५,००० असे स्वल्पविराम देऊन सजवलेला रकाना सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून ‘रीड डॉट सीएसव्ही’ या आज्ञेने उघडला, की ‘आर’ त्याला संख्या न मानता अक्षरे मानते. मग बेरजेची ‘सम’ ही आज्ञा दिल्यावर चूक दाखवते, हे बरेच म्हणायचे. पण सर्वांत मोठी संख्या शोधणारी ‘मॅक्स’ दिल्यावर ९५,००० आणि १,२५,००० यांपैकी ९५,००० ही मोठी ठरते, कारण अक्षरांच्या क्रमात ९ हा १ च्या नंतर येतो. कसलीही सूचना येत नाही. उपाय दोन पायऱ्यांचा: ‘जीसब’ने स्वल्पविराम काढायचे, मग अक्षरांच्या संख्या करणारे ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावायचे. पहिली पायरी गाळली तर स्वल्पविराम असलेल्या सगळ्या नोंदी ‘एनए’, म्हणजे हरवलेल्या, होतात. देवनागरी अंकांचेही तेच. त्यांना आधी ‘सीएचएआरटीआर’ने इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे लागते.

तारखांची गंमत तर विद्यार्थ्यांना फळ्यावरच दाखवावी. २५/१२/२०२३ ही तारीख ‘ॲज डॉट डेट’ या तारीख वाचणाऱ्या आज्ञेला नुसतीच दिली, तर उत्तर येते: इसवी सन २५, डिसेंबरची २० तारीख. भाषा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे गृहीत धरते आणि दिवसासाठी २०२३ मधले पहिले दोन अंक उचलून उरलेले टाकून देते. म्हणजे या शतकातली प्रत्येक तारीख २० तारीख होते. म्हणून साचा स्वतः द्यावा लागतो: टक्का-डी, तिरकी रेघ, टक्का-एम, तिरकी रेघ, टक्का-वाय. यातला वाय कॅपिटल हवा. लहान वाय दोनच अंक वाचतो, त्यामुळे २०२३ चे २०२० होते आणि १९९८ साली जन्मलेला माणूस २०१९ साली जन्मतो. हे निकाल पहिल्यापेक्षा धोक्याचे, कारण ते दिसायला शहाणे दिसतात.

हरवलेल्या नोंदींवर तर एक अख्खे प्रॅक्टिकल व्हावे. सरकारी तक्त्यात कुठे ‘-’ असते, कुठे जागा कोरी, कुठे ‘निरंक’. असा एक शब्दही आला तर संपूर्ण रकाना अक्षरांचा होतो. कोणती चिन्हे हरवलेली नोंद मानायची, हे फाइल वाचताना ‘एनए डॉट स्ट्रिंग्ज’मध्ये सांगता येते. पण पावसाच्या तक्त्यात निरंक म्हणजे पाऊस शून्य, नोंद हरवली असे नव्हे. पाच दिवसांचा पाऊस १२, निरंक, कोरी जागा, ३० आणि ८ मिमी असेल, तर योग्य सरासरी ५० भागिले ४, म्हणजे १२.५. निरंकालाही हरवलेले मानले तर १६.७ येते आणि कोऱ्या जागेला शून्य मानले तर १०. सरासरी काढणाऱ्या ‘मीन’चे उत्तर ‘एनए’ आले की ‘एनए डॉट आरएम’ खरे करून, म्हणजे हरवलेल्या नोंदी वगळून, मोकळे व्हायचे, ही सवय म्हणूनच वाईट. कोणती नोंद का गेली, हे संगणक ठरवू शकत नाही.

जुन्या नोट्सवरून शिकवणाऱ्यांसाठी एक इशारा. २०२० च्या ४.० आवृत्तीपूर्वी अक्षरांचा रकाना वाचतानाच ‘फॅक्टर’, म्हणजे क्रमांक दिलेल्या गटांचा रकाना, होत असे, आता होत नाही. पण फॅक्टर झालेल्या १००, ४० आणि ७५ वर थेट ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावले तर १, २, ३ असे गटक्रमांक हाती येतात आणि त्यांची सरासरीही बिनतक्रार निघते. आधी ‘ॲज डॉट कॅरेक्टर’ने पुन्हा अक्षरे करायची, मग न्यूमेरिक, हाच क्रम.

लांबीचा घोळही असाच. १२ महिन्यांच्या आकड्यांत ४ तिमाहींचे आकडे मिळवले तर भाषा ते चार तीनदा फिरवून बेरीज करते आणि गप्प बसते. चाराऐवजी पाच दिले तरच सूचना येते, कारण बाराला पाचने पूर्ण भाग जात नाही.

यातले बहुतेक सगळे ‘एसटीआर’ या तीन अक्षरांच्या आज्ञेने पकडता येते. फाइल उघडताच ती चालवली की प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि पहिले काही आकडे समोर येतात. त्याला जोडून रकान्याचा गोषवारा देणारी ‘समरी’. रंगीत आलेख त्यानंतर. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना विनंती, की प्रॅक्टिकल परीक्षेत मुद्दाम खराब केलेली फाइल द्यावी आणि ती दुरुस्त करण्याला आलेखाइतके गुण ठेवावेत. तपासताना छापील उत्तर न पाहता स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाइल, नव्या सत्रात पहिल्या ओळीपासून चालवून पाहावी. बाहेर पडताना ‘आर’ विचारते, वर्कस्पेस (स्मृतीतले सगळे तक्ते) जतन करू का? मुलांना ‘नाही’ म्हणायला सांगावे. ‘हो’ म्हटले तर काल हाताने दुरुस्त केलेला रकाना आजही स्मृतीत तसाच राहतो, दुरुस्तीची ओळ स्क्रिप्टमध्ये नाही हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही, आणि तीच स्क्रिप्ट परीक्षकाच्या संगणकावर तिसऱ्या ओळीलाच अडते.

– संख्याशास्त्राचा एक अध्यापक, सातारा