पंख्याचं दुसरं टोक

कोल्हापूर,
१४ जानेवारी

प्रिय संज्या,

फोटो मिळाले. तुमच्या मिनियापोलिसच्या वळचणीला लोंबणाऱ्या त्या हात-हातभर बर्फाच्या सुया आईला दाखवल्या, तर म्हणते, "झुंबरं किती छान!" बेडरूमच्या छतातून पाणी टपकतंय हे तिला सांगितलं नाही.

छपरावर माणूस चढवून बर्फ फोडून घेतो म्हणतोस. थांब मर्दा, बर्फाबरोबर शिंगल्सही फुटतील. छपराखाली ऊब साठली की वरचा बर्फ खालून वितळतो. पाणी पाख्यावरून ओघळत वळचणीला येतं. वळचण भिंतीबाहेर, तिला घरची ऊब नाही, म्हणून तिथं पुन्हा गोठतं. एकदा का बांध पडला की मागं पाणी तुंबलं, आपल्या राजाराम बंधाऱ्यासारखं. शिंगल्स कौलांसारखेच एकावर एक चढवलेले. उतरतं पाणी झेलतील, मागं सरकणारं कसं अडवतील?

तेव्हा पोटमाळ्यावर चढ आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याचा पाइप कुठं सुटलाय ते बघ. माझी पैज आहे, तिथंच सुटलाय.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आमच्या बाथरूमचा पंखा वायरमननं पीओपीच्या वरच्या पोकळीत सोडला होता. पंखा घरघरायचा, आरसा कोरडा राहायचा, आम्ही खूश. जुलैत छतावर काळी बुरशी आली. मी पावसाला शिव्या देत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पैसे गेले, डाग तिथंच. शेवटी लाइट बदलायला पीओपी कापलं, तर आत चक्क साबणाचा वास!

आमच्याकडे बुरशीवर भागलं. तुझ्याकडे तीच वाफ छपराच्या फळ्यांना आतून चिकटून गोठते आणि जरा ऊन पडलं की गळते. म्हणजे सगळं पाणी छपरातूनच येतंय असंही नाही.

पाइप ताठ पत्र्याचा घे, होईल तितका आखूड, छपरातून किंवा त्रिकोणी भिंतीतून थेट बाहेर, तोंडाला झडप. प्लास्टिकचा लवचीक पाइप झोळ खातो आणि झोळात पाणी साचतं. पाइपला ऊब धरून ठेवणारं आवरण गुंडाळ, नाहीतर वाफ आतच थिजून पंख्यातून तुझ्या डोक्यावर. वळचणीखालच्या जाळीत मात्र सोडू नको. ती जाळी हवा आत ओढते, बाहेर टाकलेली वाफ परत माळ्यावर. पंख्याच्या डब्याभोवतीची फटही बुजव. तेवढ्यानं भागलं नाही तर माळ्याच्या जमिनीवरचं इन्सुलेशन, म्हणजे घरातली ऊब वर जाऊ न देणारा थर, कमी आहे समज. कपडे वाळवायच्या मशीनचं आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीचंही तोंड तपास. वहिनींचा पांढरा रस्सा तासभर रटरटतो, ती वाफ जाते कुठं?

तोवर जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यानं वळचणीजवळचा भुसभुशीत बर्फ ओढून काढ.

माळ्यावर तुळयांवरच पाय टाक. मधल्या जिप्समवर नको, तुझं वजन मला माहीत आहे. पाइपचा फोटो पाठव. पैज हरलास तर येताना दोन किलो पेकान.

तुझा,
बाळ्या