डायला पॉलिश पेपर लावण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या अंगावर सरळ उभा चरा, आणि खाली तुझं एक वाक्य, "बाबा, उद्या डायला आतून पॉलिश पेपर मारते." म्हणून पत्रच लिहायला बसलो. फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि हात चालूच असतो. उद्या त्या डायला, म्हणजे वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या पोलादी साच्याला, काही मारू नकोस. आधी चरा कोण पाडतंय ते शोध, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

पाच रिकाम्या पुंगळ्या घे, स्वच्छ धुतलेल्या, वाळलेल्या. प्रत्येकीचं अंग मार्करने काळं कर. शेलहोल्डरमध्ये (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीत) बसवल्यावर जी बाजू तुझ्याकडे येते, तिथे बुडावर एक बारीक खूण कर. नेहमीसारखं वंगण लावून एकेक प्रेसमधून काढ आणि पाचही खुणा एका दिशेला करून टेबलावर उभ्या मांड. शाई जिथे खरवडली गेली तिथे पितळ चमकेल. चरे पाचही पुंगळ्यांवर वेगवेगळ्या जागी असतील तर डाय निर्दोष आहे, घाण पुंगळ्यांवरच आहे. सगळे एकाच बाजूला आले तर डायला प्रेसमध्ये घट्ट धरणारं लॉकरिंग सैल कर, डाय पाव वळसा वरच्या दिशेने फिरव आणि आणखी दोन काढ. चरा डायबरोबर सरकला तर दोष डायच्या भिंतीत. जागचा हलला नाही तर शेलहोल्डर किंवा त्याला वर नेणारा रॅम तपास, पुंगळी तिरकी वर जात असेल. ७/८ इंचाच्या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे पाव वळशात ती साधारण ०.४५ मिलिमीटर वर जाते. चाचणी झाली की ती पुन्हा नीट बसवायला विसरू नकोस.

माझा अंदाज सांगू? दहातल्या आठ वेळा घाणच असते. जमिनीवरून उचललेली पुंगळी, तिच्यावर वाळूचा एक कण. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, कडक पोलादापुढे लोण्यासारखं मऊ. तो कण डायच्या भिंतीला चिकटून बसला की पुढच्या शंभर पुंगळ्या ओरबाडतो. पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या टंबलरमधला भुगा मानेत, म्हणजे पुंगळीच्या वरच्या अरुंद भागात, राहिला तरी तेच.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे, पितळच पितळाला ओरबाडतं. वंगण एखाद्या ठिकाणी कमी पडलं की दाबाखाली पितळाचा पातळ थर पोलादाला घट्ट चिकटतो. मग त्यावर पुढचा थर, मग त्यावर आणखी. दाबून दाबून ती बारीकशी पुटकुळी मूळ पितळापेक्षा टणक होते. डाय उघड, डिकॅपिंगची दांडी (बुडातली ठिणगीची टोपी, प्राइमर, ढकलून काढणारी) काढून ठेव, एका तोंडातून टॉर्च मारून दुसरीकडून पाहा. करड्या पोलादावर पिवळसर रेघ दिसली तर तेच. (चष्मा लाव. तुला लागत नाही म्हणतेस, पण लागतो.)

आता साफसफाई. आधी सॉल्व्हेंट आणि नायलॉनचा ब्रश, मग कोरडी चिंधी. एवढ्यावर चरा थांबला तर पुढे जाऊच नकोस. पिवळी रेघ राहिलीच, तर लाकडी गोल दांडीला चीर पाडून त्यात सुती चिंधी अडकव, तिला धातूचं बारीक पॉलिश लाव, आणि ड्रिल अगदी मंद फिरवत अर्धा मिनिट आतबाहेर कर. धू, पूस, एक पुंगळी काढून बघ. मग पुन्हा अर्धा मिनिट. आरसा करायचा नाहीये, चरा थांबवायचाय.

हे इतकं घोळवून सांगतोय कारण मी एक डाय अशीच घालवली आहे. चरा दिसला की मला चैन पडेना, दांडीला जाडसर पॉलिश पेपर गुंडाळला आणि दहा मिनिटं ड्रिल चालवलं. आतून सुरेख चमकायला लागली. मग पुंगळ्या तिच्यातून जाड निघायला लागल्या, रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, त्या घातल्या की मागचा बोल्ट बंद होईना. ती डाय अजून खणात आहे, खिळे ठोकायला बरी.

चिकटलेलं पितळ काढायला तांबं विरघळवणारं द्रावण वापरशील, तर त्यात बहुतेकदा अमोनिया असतो. ते डायच्या आत चालेल, पण नंतर नीट धुऊन काढ. पुंगळ्यांना त्याचा थेंब लागू देऊ नकोस. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांपाशी ठेवलेली असताना आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळातला ताण, असं ते कारण निघालं, १९२१ साली.

तुझी पिस्तुलाची डाय कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून फार कडक पदार्थाची, आहे, तिला वरचं पॉलिशचं काहीच लागू नाही. तिथे साधा पॉलिश पेपर काम करत नाही, डायमंड पेस्ट लागते, आणि कार्बाइडची कडी ठिसूळ असते. साफ करून थांबायचं, नाही जमलं तर बनवणाऱ्याकडे पाठवायचं.

मानेच्या आतला चरा मात्र वेगळा. हँडल वर नेताना कुईं आवाज येतो ना, तो मान आतून रुंद करणारा एक्स्पँडरचा गोळा कोरड्या मानेतून येतोय म्हणून. मानेच्या आत ग्रॅफाइटची चिमूट फिरव. बाहेरून वंगण मात्र ओतू नकोस, जास्तीचं वंगण खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगे पाडतं.

चरा पडलेल्या पुंगळ्यांचं काय? नख फिरव. नख अडकत नसेल तर ते नुसतं दिसायला वाईट आहे, वापर. अडकलं तर टाक. बुडाच्या जरा वर गोल चमकती कडी दिसली तर मात्र तिचा डायच्या चऱ्याशी संबंध नाही. तिथे पितळ ताणून पातळ झालेलं असतं. टोक वाकवलेली तार आतून ओढून बघ, खाच लागली तर पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. यात काटकसर नको.

आणि भरलेलं काडतूस डायपाशी येता कामा नये, चाचणीपुरतंही नाही. काम झालं की हात साबणाने धू, बहुतेक प्राइमरच्या काजळीत शिसं असतं.

पाचही पुंगळ्यांचा फोटो पाठव, बुडावरच्या खुणा दिसतील असा. तोवर ड्रिल पेटीतच राहू दे.

तुझे
बाबा