फोनवरच सांगा ना, गाडी आणू नका म्हणून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात डोळे तपासणी शिबिरांच्या बातम्या नेहमी असतात, तारीख, वेळ, ठिकाण, चष्मे मोफत, उद्घाटनाला कोण येणार, सगळं असतं. पण "डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध टाकतील, गाडी आणू नका, सोबत माणूस आणा" ही ओळ मला तरी आजवर कुठे दिसली नाही. ती छापत जा एवढंच सांगायला हे पत्र, पण का ते सांगितल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

मला शुगर होऊन आठ वर्षं झाली. फॅमिली डॉक्टरांनी पिच्छाच पुरवला तेव्हा कुठे मे महिन्यात पडदा तपासून घ्यायला गेलो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, डॉक्टर हुशार आहेत, त्यांच्या तपासणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फोन केला तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली जुनी फाईल आणा आणि अकराला या. बस्स. मी आपली अ‍ॅक्टिव्हा काढली आणि गेलो.

सिस्टरने मान मागे करायला लावली, खालची पापणी बोटाने ओढली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. चांगलंच झोंबलं, आणि थोड्या वेळाने घशात कडू चव आली (डोळ्यातनं नाकात आणि तिथनं घशात असा रस्ताच असतो हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं!). पंधरा मिनिटांनी परत एक थेंब, मग अजून एक. माझी बाहुली काही पटकन उघडेना. सिस्टर म्हणाली आपले काळे डोळे ना काका, वेळ लागतो. हे मात्र खरं आहे, बुबुळाचा रंग जेवढा गडद तेवढं औषध त्या रंगातच अडकून राहतं, म्हणून आपल्याकडे दोन-तीनदा टाकावं लागतं.

आता खरी गंमत. बाहुल्या पूर्ण मोठ्या झाल्यावर एक मुलगा पॅड घेऊन आला, काका इथे सही करा. चाळीशी लावली, कागद लांब धरला, जवळ धरला, अक्षरं नुसती फिस्कटलेली. म्हटलं काय आहे हे, तर म्हणाला काही नाही, नेहमीचं आहे. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. संध्याकाळी नजर ताळ्यावर आली तेव्हा कॉपी वाचली, पडद्याचे फोटो काढायची संमती होती, म्हणजे काळजीचं काही नव्हतं, पण उद्या ती लेझरची असती तरी मी केलीच असती की. कागद ड्रॉप टाकायच्या आधी वाचायला द्यायला काय जातं?

बाहेर पडलो तेव्हा दीड वाजलेला, मे महिन्याचं नाशिकचं ऊन. घर पंचवटीत. अशोकस्तंभापर्यंत डोळे बारीक करून कसाबसा आलो, पण रविवार कारंज्याजवळ समोरच्या गाडीच्या काचेवरनं ऊन असं डोळ्यात घुसलं की दोन सेकंद सगळं पांढरंफटक. ब्रेक दाबला तो भाजीच्या हातगाडीपासून हातभर अंतरावर. टोमॅटो वाचले. भाजीवाला माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "काका, भर दुपारी घेतली का?" त्याचं तरी काय चुकलं. पुढे होळकर पुलावरनं गाडी हातात धरून चालत गेलो.

घरी येऊन मुलाने माझ्याच डॉक्टरांना फोन लावून सगळं विचारलं, त्यातलं लिहितो, कारण लोकांना माहीत नाहीये. मोठ्या माणसांना नेहमीच्या तपासणीत टाकतात ते बहुतेक ट्रॉपिकामाइड, बरेचदा त्यातच फिनाइलएफ्रिन मिसळलेलं असतं. पहिलं औषध बाहुली आवळणारा स्नायू सैल करतं, दुसरं बाहुली ओढून उघडणाऱ्या स्नायूला जोर देतं. वीस-तीस मिनिटांत बाहुली उघडते आणि साधारण चार ते सहा तास तशीच राहते, काही जणांना दुसऱ्या दिवसापर्यंत धुरकट वाटतं. तीन मिलिमीटरची बाहुली सात मिलिमीटर झाली की पाचपटीहून जास्त उजेड आत जातो, आणि आवळायची सोय तर औषधाने बंद केलेली. वर जवळचं बघायला फोकस करणारा स्नायूही सुस्तावतो, म्हणून मोबाईलही वाचता येत नाही आणि रिक्षावाल्याला किती रुपये दिले तेही कळत नाही.

म्हणजे त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच नाही. गॉगल न्यायचा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायची. आणि शुगरवाल्यांनो, या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नसते, खाऊन-पिऊन, गोळ्या घेऊन जा आणि पिशवीत बिस्किटं ठेवा, तीन तास बसवून ठेवतात आणि शुगर उतरली की वेगळाच गोंधळ.

बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर औषध टाकणाऱ्याला आधी सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, कारण फिनाइलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, त्यातही १० टक्क्यांच्या ड्रॉपने जास्त, म्हणून ते अशांना टाकत नाहीत. काचबिंदू असेल, घरात कोणाला असेल, तर तेही सांगा. काचबिंदू म्हणजे ड्रॉप बंदच असं नाही हां. ज्यांच्या डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) बाहेर जायची वाट मुळातच अरुंद असते त्यांना धोका, बाहुली मोठी होताना ती वाट बंद होऊन डोळ्याचा दाब एकदम चढू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, डोकं धरून उलट्या. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की पित्त झालं म्हणतात आणि सोडा पिऊन झोपतात. इथे झोपायचं नाही, रात्र असली तरी डोळ्याच्या डॉक्टरकडे पळायचं, नाहीतर नजर जाऊ शकते.

हे वाचून घाबरून कोणी तपासणीच टाळू नका, नाहीतर माझं पत्र उलटंच व्हायचं. आमच्या बिल्डिंगमधले एकजण "ते औषध टाकतात ना, दिवस वाया जातो" म्हणून सहा वर्षं गेले नाहीत, शुगर त्यांना माझ्याआधीची. गेले तेव्हा एका डोळ्यात रक्त उतरलेलं. छोट्या बाहुलीतनं डॉक्टरला पडद्याचा मधला भाग दिसतो, कडेचं नीट दिसत नाही, आणि शुगरने पडदा खराब होत असतो तेव्हा सुरुवातीला आपल्याला काहीसुद्धा जाणवत नाही. म्हणून वर्षातनं एकदा तरी बाहुली मोठी करून पडदा बघायचाच, एक दिवस वाया गेला तर जाऊ दे.

मुलांचं अजून वेगळं. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढायला कधी कधी अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी लावायला देतात, त्याचा असर दहा ते चौदा दिवस राहतो, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर लावू नका, शाळेतही सांगून ठेवा. लावल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा म्हणजे औषध घशात कमी उतरतं. पोराचा चेहरा लालबुंद झाला, ताप आला, तोंड सुकलं, बडबडायला लागलं, तर मलम बंद करून डॉक्टरला फोन. आणि हात धुवा हो! माझ्या येवल्याच्या बहिणीने मुलीला मलम लावून तोच हात स्वतःच्या डोळ्याला लावला, सकाळी आरशात एक बाहुली बारीक, एक बटणाएवढी. घरात रडारड, मेंदूत काहीतरी झालं म्हणून. धोत्र्यातही हेच अ‍ॅट्रोपिनच्या जातीचं विष असतं, बांधावरचा धोत्रा उपटून डोळा चोळला तरी असंच होतं, गणपतीच्या पत्रीत धोत्रा असतो तेव्हा पोरांकडे लक्ष असू द्या. उरलेलं मलम, उरलेले ड्रॉप कपाटात साठवू नका, शेजारच्याला तर मुळीच देऊ नका.

शिबिरांचा प्रश्न यापेक्षा मोठा. खेड्यातनं एकटी आलेली सत्तरीची आजी, डोळ्यात औषध टाकून झाल्यावर तिला एसटीची पायरी कुठे संपते तेच दिसत नाही, ती पडली तर मोतीबिंदू राहिला बाजूला, खुब्याचंच ऑपरेशन निघायचं. शिबिरवाल्यांनी आदल्या दिवशी गावात सांगावं, साध्या काळ्या चष्म्यांची पेटी टेबलावर ठेवावी, आणि बातमी छापताना तुम्ही ती ओळ घालावी. जागा किती लागणार, दोन ओळी.

परवा पुढच्या वर्षीची तारीख घ्यायला त्याच हॉस्पिटलला फोन केला. मुलगी म्हणाली जुनी फाईल आणा, अकराला या. मुद्दामच विचारलं, गाडी आणू का? म्हणाली, "आणा की काका, खाली पार्किंग आहे."

आपला,
एक शुगरवाला वाचक
पंचवटी, नाशिक