कासवाने दिलेला शब्द

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू आधी ठेवलास की मी, ते आता आठवत नाही. आवाज मात्र माझाच चढला होता, हे आईने मला दोनदा ऐकवलं. म्हणून पत्र लिहायला बसलो. कागदावर तरी नीट बोलता येईल असं वाटतं.

आधी खेळाबद्दल. फोनवर ते राहूनच गेलं. २१ मार्चला, तुमच्या त्या जागतिक कठपुतळी दिनाला, मी आलो होतो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो होतो. तुला सांगितलं असतं तर तुझं लक्ष माझ्याकडे राहिलं असतं. पहिली पाच मिनिटं मी तुझ्या हातातलं बाहुलीचं कासव पाहिलंच नाही, तुझा दंडच बघत होतो. तो कापतोय का, कोपर खाली येतंय का, कासव जमिनीत खचत चाललंय का. मग कधीतरी तू दिसेनासा झालास. पडदा नव्हता, काळे कपडे नव्हते, मुलांच्या समोर उघडा उभा होतास, तरी दिसेनासा झालास. तू नजर कासवावर ठेवलीस आणि त्या पन्नासएक मुलांनी तुझ्या नजरेमागे आपली नजर लावली. ते कासव गप्प बसलं तरी तुझं मनगट तीळभर वर-खाली होत होतं. श्वास चालू होता त्याचा.

सुरुवातीला तू घरी आरशासमोर सराव करायचास तेव्हा प्रत्येक अक्षराला कासवाचा वरचा जबडा उडायचा आणि ते सारखं छताकडे बघायचं. आता डोकं जागचं हलत नाही, फक्त अंगठा खाली जातो, त्यामुळे डोळे समोरच्या मुलावरच राहतात. हे कुणी शिकवून येत नाही. दंड भरून येईपर्यंत केलं की येतं. आणि ती रडणारी छोटी मुलगी! इतर कुणी असता तर बाहुली घेऊन तिच्याजवळ गेला असता. तुझ्या कासवाने मान आत ओढून घेतली, पाठ फिरवली, आणि तीच हळूहळू उठून त्याच्याजवळ आली. मला त्या क्षणी शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं, हा माझा मुलगा आहे. सांगितलंही.

हे एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं. पण रात्री झोप लागत नाही. त्या मुलाचं काय केलंस?

तू म्हणालास, खेळानंतर सगळी मुलं बाहुल्यांना हात लावायला आली, तो सगळ्यात शेवटी आला. कासवाला कान कुठे असतात हे त्याला कळेना, म्हणून त्याने कवचालाच तोंड लावलं आणि काहीतरी सांगितलं. मग त्याने विचारलं, "कुणाला सांगणार नाहीस ना?" आणि कासव म्हणालं, "नाही सांगणार." तो काय बोलला ते मी विचारत नाही. मला सांगूही नकोस, तो माझा अधिकार नाही. पण फोनवर तुझा आवाज जसा झाला होता त्यावरून एवढं कळलं की ते मांजर हरवल्यासारखं काही नव्हतं.

तुमच्या संस्थेने दिलेली नियमांची पानं तू इथे कपाटावर विसरून गेलास. मी ती वाचली. त्यात सगळं स्वच्छ लिहिलंय. मुलाला गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. खोदून खोदून विचारायचं नाही, त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी, वेळ टाकून लिहून ठेवायचं. ज्यांच्याकडे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे त्यांना लगेच सांगायचं. ज्याच्याविषयी तक्रार असेल त्याला स्वतः जाऊन जाब विचारायचा नाही. तू म्हणालास, "बाबा, मी बाहुली चालवायला जातो, पोलीसगिरी करायला नाही." बाळा, मूल बाहुलीशी का बोलतं? बाहुली रागावत नाही, तिला धक्का बसत नाही, ती आईबाबांच्या कानावर घालत नाही, असं त्याला वाटतं म्हणून बोलतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही म्हणून बोलतं. तू हातात घेतलेल्या वस्तूची ताकद ही आहे. ताकद घेतलीस की तिच्याबरोबर जे येतं ते बाजूला ठेवून चालत नाही, आणि तू आता लहान नाहीस, आणि

बघ, पुन्हा तेच चाललंय. माफ कर. मला तुला शिकवायचं नाहीये. तू माझ्यापेक्षा मुलांना जास्त ओळखतोस, हे मी त्या खांबाआडून पाहिलंय.

मला खरं तर मोजेरावाविषयी लिहायचं होतं.

तुला तो कितपत आठवतो माहीत नाही. माझा राखाडी मोजा, टाचेला भोक पडलेला. दोन बटणांचे डोळे आईने लावले होते, त्यातलं एक काळं आणि एक तपकिरी. तुझ्या आजीनंतर तू बोलेनासा झालास त्या पावसाळ्यात मी तो केला. दाराच्या फटीतून नुसता हात आत घालायचा आणि मी बाहेर जमिनीवर पालथा पडलेला. पहिले चार दिवस तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. पाचव्या दिवशी तू त्याला विचारलंस, "तुझा एक डोळा वेगळा का?" मी बाहेर तोंडावर दुसरा हात दाबून धरला. त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्हा दोघांचं चालायचं. मला वाटायचं, तुला कळत असेल की मी आहे. कधी वाटायचं, कळूनही तुला कळून घ्यायचं नसेल. नंतर पुष्कळ वर्षांनी तू हे काम निवडलंस तेव्हा आई म्हणाली, "मोजेरावाचंच बी आहे हे." मला फार बरं वाटलं होतं. आणि त्याच रात्री फार वाईटही वाटलं. त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही.

तू तिसरीत होतास. एका संध्याकाळी तू मोजेरावाला सांगितलंस की वर्गात सर पट्टीच्या कडेने बोटांच्या पेरांवर मारतात. रोज. अक्षर वाईट येतं म्हणून. आणि मग तू म्हणालास, "बाबांना सांगू नकोस." मोजेराव म्हणाला, "नाही सांगणार."

मी तो शब्द पाळला. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की मुलाचा विश्वास मोडू नये. आज इतक्या वर्षांनी खरं कारण लिहितो. तू माझ्याशी बोलत होतास, याचा मला इतका आनंद झाला होता, की तू काय बोलतोयस ते मी नीट ऐकलंच नाही. मी ते सांगितलं असतं तर मोजेराव संपला असता. तू पुन्हा गप्प झाला असतास. मला ते नको होतं. तुझ्या बोटांपेक्षा मला माझा मोजा प्यारा झाला.

अख्खं सत्र गेलं. एका रविवारी नखं कापताना आईला तुझी पेरं दिसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, तुझा वर्ग बदलून आली. मला म्हणाली, "आपल्याला इतके दिवस कळलंच कसं नाही?" मी काही बोललो नाही. परवा, फोनवर तुझ्याशी भांडण झाल्यावर, तिला सांगितलं. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला लिही."

म्हणून विचारतोय, त्या मुलाचं काय केलंस? रागावून विचारत नाही. तू मला फोनवर दोनदा सांगितलंस की तो मुलगा कुणाशीच बोलत नाही, फक्त कासवाशी बोलला. तुझ्या आवाजात काळजी होती, आणि तिच्या शेजारी आणखी एक काहीतरी होतं. ते मी ओळखतो. दाराबाहेर पालथा पडलेलो असताना माझ्या आत तेच होतं.

जपानमधल्या बुनराकूविषयी तू मागे सांगितलं होतंस ते आठवतं. एका बाहुलीला तीन माणसं. एक डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा नुसते पाय. पायांवर दहा वर्षं घालवावी लागतात, मग डाव्या हातावर दहा, असं म्हणतात. तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्याशा बाहुलीला एवढी माणसं कशाला. परवापासून तेच डोक्यात आहे. तू हे एकट्याने उचललंयस आणि तुझा दंड कापायला लागलाय. बाकीची माणसं तुझ्या संस्थेतच आहेत. ज्या ताईंचं नाव त्या पानावर शेवटी लिहिलंय, त्यांचं काम तेच आहे. त्यांच्या हातात दे. पुढे कुणी त्या मुलाशी बोलायचं, घरी कळवायचं की नाही, हे त्यांना ठरवू दे.

आणि तू म्हणशील, कासवाच्या शब्दाचं काय? यावर मी पुष्कळ विचार केला. तो शब्द तू चोरून मोडू नकोस. ताईंशी बोल, त्यांनी होकार दिला तर कासवालाच पुन्हा घेऊन जा, ताईंना सोबत घेऊन. कासवालाच सांगू दे की मी चुकलो, मी कबूल करायला नको होतं, ही गोष्ट मला एकट्याला पेलवत नाही, म्हणून मी एका मोठ्या माणसाची मदत घेतली. तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही. कदाचित तो रागावेल. कासवाला मारेलही. मारू दे. पण त्याला हे कासवाच्याच तोंडून ऐकू येऊ दे. मला हे तेव्हा सुचलं नाही. वर्ग बदलल्यावर मी मोजेराव गुंडाळून कपाटात टाकला. तू आठवडाभर दाराच्या फटीकडे बघत बसायचास आणि मी हात आत घातला नाही. माझ्यात तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, मोज्याचंसुद्धा.

तो अजून आहे. आईने जपून ठेवला होता, तपकिरी डोळा सुटला होता तो काल तिने परत शिवला. या पत्राबरोबर पाठवतोय. खेळात वापरू नकोस, जुना आहे, धुतला तर उसवेल, आणि तुमच्याकडे प्रत्येक आजारी मुलानंतर बाहुली धुवावी लागते. तुझ्याजवळच ठेव. त्याच्याकडून तुझी माफी मागायची राहून गेली आहे, आणि माझ्याकडूनही.

उजवा खांदा शेकत जा. खेळाआधी हात मोकळे करायला दहा मिनिटं तरी दे, उभ्या उभ्या घाईत सुरू करतोस ते मी पाहिलंय.

ताईंशी बोलणं झालं की मला काही सविस्तर लिहू नकोस. नुसतं "बोललो" एवढं कळव. रात्री कितीही उशिरा कळवलंस तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा