गोठणगावच्या तिबेटी आठवणी मराठीत येऊ द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गेली पन्नास वर्षं ही माणसं तिथे भात पिकवतात आणि थंडी सुरू झाली की शहरांत स्वेटर विकायला बसतात. आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो, भाव करतो. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही.

१९५९ साली दलाई लामांपाठोपाठ तिबेटी माणसं भारतात येऊ लागली, तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मागे राहिलेलं गाव, तिथला मठ, हिमालय ओलांडतानाची वाट, भारतात आल्यावर डोंगरात रस्ते बांधताना केलेली मजुरी हे स्वतःच्या तोंडून सांगू शकणारी ही शेवटची पिढी. धरमशालेच्या तिबेटी ग्रंथालयाने १९७६ पासून अशा आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, ते मोलाचंच आहे. पण विदर्भात रुजलेल्या तिबेटी आयुष्याची नोंद महाराष्ट्राने नाही करायची, तर कोणी करायची?

तिबेटाशी नातं मराठी अभ्यासकांना नवं नाही. हिंदी लेखक आणि बौद्ध विद्वान राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठांतून संस्कृत पोथ्यांची छायाचित्रं आणली. त्यांच्या आधारे फर्ग्युसन कॉलेजातल्या प्रा. वासुदेव गोखले यांनी बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोश या तत्त्वज्ञानग्रंथाच्या मूळ संस्कृत कारिका, म्हणजे श्लोक, संपादित करून १९४६ साली प्रसिद्ध केल्या. भारतात हरवलेला ग्रंथ तिबेटाने जपला होता. आंबेडकरी चळवळीमुळे बौद्ध विचार घराघरांत पोचलेल्या या राज्यात तरी तिबेटी ग्रंथ इंग्रजी-हिंदीच्या वळणाने न येता थेट मराठीत यायला हवेत.

त्यासाठी लागणारी माणसं दूर शोधायला नकोत. घरात तिबेटी बोलणारी आणि बाजारात, कॉलेजात झाडीबोली-मराठी कानावर घेत वाढलेली मुलं त्याच वसाहतीत आहेत. त्यांना अनुवादाचं रीतसर शिक्षण आणि जगण्यापुरती पाठ्यवृत्ती द्या. सारनाथच्या तिबेटी संस्थेत तिबेटीवरून संस्कृत ग्रंथांचा पुनरुद्धार आणि हिंदी अनुवाद अनेक वर्षं चालू आहे. तिथले अभ्यासक मार्गदर्शन करू शकतील. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहेच. मराठीत लिहू पाहणाऱ्या तिबेटी तरुणांपर्यंत ती पोचवा. त्यांनी फक्त आजोबांच्याच गोष्टी लिहाव्यात, असा आग्रह मात्र नको. गोठणगावात जन्मलेल्या मुलीला मायदेश न पाहताच निर्वासित म्हणवून घेताना काय वाटतं, हे तिने कवितेत लिहिलं तर तेही मराठी साहित्यच असेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने आखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत या कामाला जागा द्या. पण ध्वनिमुद्रण आधी सुरू करा. अनुवाद दोन वर्षं उशिरा झाला तरी चालेल. येत्या हिवाळ्यात तरुण मंडळी स्वेटर विकायला बाहेर पडतील, तेव्हा म्हातारी माणसं वसाहतीतच असतील. विभागाचं पथक त्याच दिवसांत तिथे पाठवावं, ही विनंती.

आपला,
एक मराठी वाचक